पाहुणीला दिलेलं पाणी

हल्ली भूजलातले प्लास्टिकचे कण मोजणारी तरुण मंडळी मला विचारतात, खात्रीचा नमुना घ्यायचा तरी कसा? मी सांगते, आधी चहाला नको म्हणायला शिका. हसतात मेले! हसू देत.

नव्वदच्या दशकात मी महाडला पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत हंगामी नोकरीला होते. पोलादपूरकडच्या एका गावात हापशाच्या पाण्याला वास मारायचा, म्हणून उन्हाळ्यात टँकर येई. हापसा चांगला ठरला तर टँकर बंद होणार होता. मी नमुना घ्यायला गेले, तर हापशाशेजारच्या काकूंनी मला ओटीवरच बसवलं. "एवढ्या उन्हाची आलीस बाय, च्या घे. बाटल्या दे, सून भरून आणील." दिल्या की मी! पाणी तपासायला हवंय, एवढंही बोलले नाही. दोन बाटल्यांना पाऊण तास लागला, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. चिठ्ठ्या चिकटवल्या, सही ठोकली. अहवाल निघाला: पिण्यास योग्य.

पंधरा दिवसांनी काकू प्रयोगशाळेच्या दारात उभ्या.

"टँकर बंद केला गो! पोरं तेच घान पानी पितात."

"अहो, तुम्ही दिलेलंच पाणी तपासलं ना?"

"हापशाचं? नाय गो! पाव्हणीला असलं पानी देतात काय? सून डोंगरातल्या झऱ्यावर गेलती."

काकूंचा काय दोष? लाज वाटली ती माझी मला. तशीच साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू. चूक कबूल केलीस तर नोकरी जाईल."

"वर्षभर तुम्ही प्याल ते पाणी?" मी तोंडावर विचारलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून एसटीने गेले. अर्धा तास स्वतः हापसलं, पाइपातलं शिळं पाणी जाऊ दिलं, बाटल्या त्याच पाण्याने तीनदा विसळल्या. प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्याची एक बाटली नेली होती, तीही तिथेच उघडली. घाण माझ्या हाताची की हापशाची, ते कळायला हवं ना! काकूंनी पुढे केलेला कप घेतला नाही. त्या रुसल्या.

शुद्ध पाण्याची बाटली स्वच्छ राहिली, हापशाचं पाणी वाईटच निघालं. पहिला अहवाल चुकीचा, चूक माझी, असं लिहून खाली सही केली.

"फाड ते!" साहेब ओरडले.

"फाडा तुम्हीच. एक प्रत गावात पोचलीय."

टँकर पुन्हा सुरू झाला. महिनाअखेर माझी नोकरी गेली. त्याआधी लेखी खुलासा मागितला होता, परवानगीशिवाय नमुना का घेतला म्हणून. मी एकच ओळ लिहून दिली: सदर पाणी पिण्यास अयोग्य आहे.