आईचे राहिलेले अठरा किलोमीटर

आई परवा गेली.

तिच्याबद्दल मी इथे एक खोटं लिहून ठेवलंय. ते आधी दुरुस्त करतो.

तीन वर्षांपूर्वी मी एक फोटो टाकलेला. मी, आई, बाबा, तीन सायकली, मागे देवरुखजवळचं आमचं गावचं घर. वर लिहिलेलं, 'ठाणे ते गाव, फॅमिली राइड कम्प्लीट.' तुम्ही सगळ्यांनी भरभरून कौतुक केलंत.

कम्प्लीट नव्हती. शेवटचे अठरा किलोमीटर आई टेम्पोतून आलेली.

आणि तिला टेम्पोत मी बसवलेलं.

आई सायकल शिकली त्रेपन्नाव्या वर्षी. बाबा वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून रिटायर झाले आणि सायकलने गावी जायचं त्यांनी डोक्यात घेतलं. मी लगेच हो म्हटलं. आईला कोणी विचारलंच नाही.

पोळ्या लाटता लाटता तीच म्हणाली, "मी पण येणार."

बाबा म्हणाले, "अगं, तुला सायकल येते का?"

"नाही येत. शिकेन."

बाळकुमला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी बाबा कॅरियर धरून तिच्या मागे पळायचे. दोनदा पडली. एकदा कोपर चांगलंच सोलवटलं. शेजारच्या काकू बाल्कनीतून म्हणाल्या, "वहिनी, या वयात कशाला?"

आई म्हणाली, "आत्ताच तर वेळ मिळालाय."

आठ महिन्यांनी आम्ही निघालेलो. पेण, माणगाव, पोलादपूर, चिपळूण. कशेडीचा जुना घाट तिने जवळजवळ अर्धा चालत काढला, पण सायकल कोणाच्या हातात दिली नाही.

पाचव्या दिवशी संगमेश्वरला ती पार थकलेली. तिकडे काकांनी गावात माणसं जमवलेली, हार आणून ठेवलेले. त्यांचे फोनवर फोन. मी पुढे जाऊन थांबायचो, मागे वळून बघायचो, आई दिसायचीच नाही.

शेवटी आली. मी म्हटलं, "आई, किती वेळ थांबायचं तुझ्यासाठी?"

"तुम्ही व्हा पुढे. मी येते हळूहळू."

"अगं, लोक ताटकळलेत तिथे."

बाबांनी घड्याळात बघितलं. मी एक रिकामा टेम्पो थांबवला, तिची सायकल मागे चढवली. ती ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. भांडली नाही. ओढणी नीट केली आणि समोर बघत राहिली.

गावात काकू तिला हार घालायला गेली तर म्हणाली, "मला नको. मी टेम्पोने आलेय."

मी म्हटलं, "असू दे गं, फोटो काढायचाय."

तिने घालून घेतला. तो हा फोटो.

नंतर लग्नाकार्यात कोणी म्हटलं, वहिनी, तुम्ही म्हणे सायकलने गावी गेलात, की ती हसून सांगायची, "माझे अठरा राहिलेत." सगळे हसायचे. मीही.

गेल्या वर्षी तिच्या पोटात कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले. मग थोडे बरे दिवस आले. थंडीत एकदा चहा पिताना म्हणाली, "मंदार, मला संगमेश्वरला सोडशील?"

कशासाठी, ते मी विचारलं नाही.

डॉक्टर म्हणाले, झेपेल तेवढंच करा. आम्ही गाडीच्या कॅरियरवर दोन सायकली बांधल्या. तिथून आई पुढे, मी तिच्या मागे आणि सगळ्यात मागे गाडी घेऊन बाबा.

सकाळी सातला निघालेली ती दीड वाजता पोचली. थोडं चालवायची, उतरायची, ढकलायची, बसायची. ओढ्यावरच्या एका मोरीच्या कठड्यावर बसून तिने संत्रं सोललं. मी शेजारी बसलो.

"आई, त्या दिवशी मी चुकलो."

"हो. चुकलास."

मला वाटलेलं, जाऊ दे रे म्हणेल. तसं नाही म्हणाली.

"टेम्पोत मला रडू आलेलं. त्या ड्रायव्हरने विचारलं, काकी, माहेराहून निघालात काय? मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार त्याला?"

मग अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं. "खा. अजून सहा किलोमीटर आहेत."

गावात कोणालाच कळवलं नव्हतं. काकू अंगणात भांडी घासत होती. आईने सायकल भिंतीला लावली, पायरीवर बसली आणि घळाघळा रडली. काकू घाबरली. बाबा गाडीतून उतरून आईच्या शेजारी बसले, तिचा हात हातात घेतला. बाबांना असं करताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

चार महिन्यांत दुखणं परत आलं. मग फक्त हॉस्पिटल.

परवा दुपारी बाबा आणि मी जवळ होतो. तिला शुद्ध नव्हती. शेवटचं काय बोलली, असं सगळे विचारतायत. काहीच नाही बोलली.

आज घर माणसांनी भरलंय. शेजारून जेवण येतंय. बाबा जेवत नाहीत. कल्याणची मावशी मघापासून ताट घेऊन त्यांच्यासमोर बसलीय.

आई, मला तुझा फार अभिमान वाटायचा. तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही, आता इथे लिहून तुला कुठे कळणार.

तरी लिहितोय.

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. ये आता.