बाई चाकाकडे सरकली

माझ्या गाडीखाली जिचा पाय आला, तिला मी लहानपणापासून काकू म्हणते. कासार आंबोलीत तिचं आणि आमचं घर शेजारी-शेजारी. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यानंतरचे पंधरा दिवस मी ते सांगायचं टाळत होते. पोलिसांपुढं मी ‘एक वयस्कर महिला’ म्हटलं आणि ऑफिसात ‘कुणीतरी बाई’.

रविवार होता. सूसच्या घरून मी गावी भावाकडे निघाले होते, वर्षाचे तांदूळ आणायला. गाडी जेमतेम महिन्याची. पिरंगुट ओलांडलं आणि पुढं सगळं ठप्प. आमच्या गावाच्या फाट्यावर बायका रस्त्यात बसल्या होत्या. तिथं गतिरोधक नाही, दिवा नाही, आणि शहरातल्या लोकांच्या बंगल्यांवर जाणाऱ्या गाड्या सुसाट सुटलेल्या. सकाळी कंपनीची बस धरायला पलीकडे जायचं म्हणजे जीव मुठीत धरूनच जायचं. मागणी रास्तच होती. मीसुद्धा त्याच फाट्यावर बस धरून शिकले. पण पाऊण तास गाडीत तापत बसलं की रास्त-बिस्त सगळं विसरायला होतं. त्यात माझ्या नाकावर राग, असं आई कायम म्हणायची. दुपारी मुलीला क्लासला सोडायचं होतं. गाडी कडेला लावून चालत गेले असते तरी पंधरा मिनिटांत भावाच्या दारात पोचले असते, पण नवी गाडी रस्त्यावर सोडायला मन होईना. पुढचे दोघे कंटाळून माघारी वळले आणि मी सगळ्यात पुढं आले.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. गावाच्या गल्लीत बायका दारापुढं, रस्त्यातच बसतात. कुणी लसूण सोलतंय, कुणी नुसतंच बोलतंय. तिथं हॉर्न वाजवायचा नसतो. थोरामोठ्यांवर हॉर्न वाजवणारा म्हणजे माजलेला. गाडी हळूहळू अगदी जवळ न्यायची. बायका बोलणं न थांबवता पाय आखडून घेतात आणि गाडी गेली की पुन्हा पसरतात. मी गाडी शिकले तीच मुळी या पसरलेल्या पायांमधून. फाट्यावरही मी तेच केलं. हॉर्न दिला नाही. ब्रेकवरचा पाय उचलला, गाडी पुढं निघाली. आपल्याच बायका आहेत, उठतील. आणि उठल्याही, एक काकू सोडून. ती बसल्या-बसल्या बाजूला सरकली, नेमकी माझ्या डाव्या चाकाकडे.

तिला दवाखान्यात नेलं ते माझ्याच गाडीतून. घोट्यात दोन ठिकाणी हाड मोडलं होतं, ऑपरेशन करून धातूची पट्टी घालावी लागली. बंगल्यांवर धुणी-भांडी करून ती स्वतःचं एकटीचं भागवते. तिला महिनोन् महिने उभं राहता येणार नव्हतं.

गुन्हे दोन नोंदवले गेले. बायकांवर रस्ता अडवल्याचा, माझ्यावर हयगयीनं गाडी चालवून गंभीर दुखापत केल्याचा. माझा सविस्तर जबाब अजून व्हायचा होता. मधल्या दिवसांत मला एका जागी बसवेना. गाडीला हात लावला नाही, बसनं कामावर गेले, तर बसमध्येही उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. कॅन्टीनमध्ये एका सहकाऱ्यानं आग्रहानं चहा पाजला आणि म्हणाला, “बरं केलंत मॅडम, असल्या लोकांना हीच भाषा कळते.” मी चहा प्यायले. त्याला काहीच बोलले नाही, याची लाज मला अजून वाटते.

वकील ओळखीतले होते, सरळ माणूस. त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं, “रस्ता अडवला म्हणून कुणाला अंगावर गाडी घालायचा परवाना मिळत नाही. त्यांचा गुन्हा त्यांच्यापाशी, तुमचा तुमच्यापाशी. एकानं दुसरा पुसला जात नाही.” मग त्यांनी चष्मा काढला. “पण तुम्ही गाडी घातलीच नाही. वेग चालण्याइतका. बाकी सगळ्या उठल्या. बाई चाकाकडे सरकली. एवढंच सांगायचं. जबाबदारीची वाटणी होते अशा वेळी.”

मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी स्वतःचा संतापही आला. म्हणून सगळंच ओकून टाकलं. रीत-बीत हे अर्धंच खरं होतं. मला त्या बायकांना जरा दचकवायचंही होतं. गाडी अंगावर आली की कशा पटापटा उठतात ते बघायचं होतं.

वकिलांनी चष्मा परत घातला. “हे पुन्हा कुणापुढं बोलू नका. हयगय वेगळी आणि समजून-उमजून केलेलं वेगळं. तिथं कलमच बदलतं.”

जबाबाच्या आदल्या दिवशी दुपारी मी काकूला भेटायला गेले. खाटेवर पाय उशीवर ठेवून ती पडली होती. माझा भाऊ तिच्यासाठी डबा घेऊन आला होता, तो माझ्याकडे न बघता दारात थांबला.

“जयभीम, काकू.”

“जयभीम. ये, बस. उभी का?”

बसायचं माझ्या जिवावर आलं होतं. मी खाटेच्या कडेला टेकले.

“पोलीस येऊन गेलं,” तीच म्हणाली. “म्या सांगितलं, पोरीची कायबी चूक न्हाई. गाडी हळूच व्हती, माजी मीच सरकले. तू बी तसंच सांग. मिटून जाईल.”

म्हणजे वकिलांना हवं तेच वाक्य, आणि ते मागायचीसुद्धा गरज पडली नाही. आता गप्प बसले असते तर सगळं मिटलं असतं. पण पंधरा दिवस डोक्यात फिरणारा प्रश्न तोंडातून निघून गेलाच. “पण काकू, तू सरकलीस कशाला? बाकीच्या उठल्या. तू मला बघितलं नव्हतंस का?”

“बगितलं की. नवी गाडी, पर तू काचंतून दिसलीस. लांबूनच वळखली.”

“मग?”

काकूनं दाराकडे बघितलं. उत्तर भावानं दिलं. रास्ता रोकोचा निरोप त्यानं आदल्या आठवड्यात गावाच्या ग्रुपवर टाकला होता, कोण-कोण येणार ते विचारून. “तू अंगठा टाकलाता,” तो म्हणाला. “विहारात बसून यादी वाचली आमी. तुजं नाव घेतलं तवा बायकांनी टाळ्या वाजवल्या.”

मला त्यातलं काही आठवत नव्हतं. गावाच्या ग्रुपवर दिवसाला साठ निरोप येतात. मी न वाचता सगळ्यांना अंगठा देते, म्हणजे शिष्ट झाली असं कुणी म्हणायला नको.

“त्या उठल्या, त्यांना वाटलं कोण परका हाय,” काकू म्हणाली. “म्या म्हनलं, अगं आपली पोर आली, शब्दाला जागली. आता उतरंल आन हितं येऊन बसंल. सतरंजी भरलेली. म्हून जरा सरकले तिकडं. तुला बसाया जागा करत व्हते.”

ती हे तक्रारीच्या सुरात बोललीच नाही. मी विचारलं आणि तिनं सांगितलं, इतकंच. मला तिच्याकडे बघवेना. भाऊ डबा खाली ठेवून निघून गेला.

“पोलिसांना हे सांगितलं नाहीस?” मी विचारलं.

“तेंनी इचारलंच न्हाई. आन तुजंच नाव खराब झालं आसतं.”

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात वकील माझ्या शेजारी बसले होते. हवालदारांनी वेग विचारला, अंतर विचारलं, हॉर्न दिला का ते विचारलं. मी सांगत गेले. मग ते म्हणाले, “म्हणजे बाई स्वतःहून चाकाकडे सरकली. बरोबर?”

वकिलांनी मान हलवली. मी म्हटलं, “सरकली. पण ती माझी शेजारीण आहे, मला ओळखते. मी त्यांच्यात बसायला आले असं समजून ती मला जागा करून देत होती. आणि मी गाडी पुढं घेतली ती त्यांना घाबरवून उठवायला.”

वकिलांनी टेबलाखालून माझा हात दाबला. हवालदारांनी पेन कागदावरून उचललं. “मॅडम, कळतंय ना काय बोलताय? हे तुमच्याच विरुद्ध जातंय.”

“कळतंय.”

“मग ते जागेचं वाक्य कशाला हवंय? जागा-बिगा ते तपासात कुठं बसत नाही.”

“ते सोडून बाकीचं लिहिलंत तरी चालेल,” मी म्हटलं, आणि मला रडू आलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला आणि मग दोन्ही वाक्यं लिहिली, जागेचं आणि घाबरवल्याचं.