वरचा पंख

दादाचे डोळे गेले ते दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या दिवसांत. विमानांच्या दुरुस्तीच्या कारखान्यात टाकी फुटली आणि सगळं तोंडावर उडालं. मिरजेच्या दवाखान्यात पट्ट्या सुटल्या, तेव्हा डॉक्टरांनी आमच्या वडिलांना, आबांना, बाजूला घेऊन सांगितलं की आता दिसणार नाही. मी तेव्हा सांगलीला कॉलेजात होतो. घराण्यातला पहिलाच, आणि तोही दादाच्या पगारावर.

डोळे जाण्याआधी सरकारने दादाला कारागिरी शिकायला विलायतेला पाठवलं होतं. तिथे त्याने एक लढाऊ विमान पाहिलं होतं, एकावर एक दोन पंखांचं. जमिनीवरून उठायला दोन्ही पंख लागत. वर गेल्यावर वरचा पंख सोडून द्यायचा. चाचणीपुरतं एकच केलेलं. आष्ट्याजवळच्या आमच्या गावात हे ऐकून माणसं हसत. "आन् त्यो पंख कुनाच्या टकुऱ्यावर पडतुया रं?"

आबा हसत नसत. त्या स्फोटाने पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं त्यांना वाटे. म्हणून कशालाही ते "व्हय बाळा, आसंल" म्हणत. दादाला हे हसण्यापेक्षा जास्त लागे.

"आसंल न्हाई, आबा. हाय! म्या ह्या हातानं त्येचं बोल्ट आवळल्यात."

शेवटी तो मला म्हणाला, "गड्या, तसंच बारकं इमान करू. आबास्नी दावू."

मिरजेच्या सतारवाल्यांकडून मी हलक्या लाकडाचे तुकडे मागून आणले. पंखांना बांबूच्या कामट्या, वर पतंगाचा कागद. कॉलेजच्या वाचनालयात त्या विमानाचं चित्र शोधलं, सापडलं नाही. मग सगळी मापं दादाच्या बोटांवरच. "फुडं सरकीव. आजून. हां." एकदा पंख वाकडा बसला, तर दादा तो चाचपून मोठ्याने हसला. "तू बी.ए. हुशील, फिटर न्हाई व्हनार!" घरी आल्यापासून तो पहिल्यांदाच हसत होता.

अंगणात दोरी ताणून त्यावरून विमान सोडलं. मध्यावर वरच्या पंखाची खुंटी निसटली, तो मागे गळून पडला आणि विमान पुढे गेलं. माणसं ओरडली. आबांनी पंख उचलून दादाच्या हातात दिला. "लय झ्याक केलंयसा." दादाचा चेहरा उजळला होता.

तेवढ्यात शेजाऱ्याने कुंपणाशी आबांना विचारलं, "आवं, खरंच आसलं इमान आसतंय?"

आबा हळू बोलले, पण दादाला आता सगळंच ऐकू येई.

"कशाचं आलंय! धाकल्यानं थोरल्याचं मन राखलंय. लय गुनाचं पोरगं."

दादाने पंख खाली ठेवला. माणसं पांगल्यावर त्याने विचारलं, "तुला तरी खरं वाटलं हुतं का रं?"

"वाटलं हुतं, दादा. आजबी वाटतंय."

ते खरं होतं. त्याने हात पुढे करून माझं तोंड चाचपलं. डोळ्यांखाली बोटांना ओल लागली.

"मग रडतूयास कशापाई?" तो म्हणाला, आणि हात काढून घेतला.