शेवटचं पान

ग्रंथालयातल्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. चष्मा कपाळावर, कानामागे लाल पेन्सिल, बोलणं मोजकं. माझ्या पीएचडीच्या विद्यार्थिनीने साहित्य आढावा सरळ एआयकडून लिहून घेतला होता. त्यातल्या चार लेखांवर समितीने शंका काढली, म्हणून मी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, द्वारकेहून, मेट्रोने तणतणत आले होते. तीन लेख मिळालेच नाहीत. चौथ्यासाठी त्याने नियतकालिकाचा खंड आणून शेवटचं पान उघडलं. दोनशे बारा. माझ्या चिठ्ठीवर त्या लेखाचं पान होतं तीनशे चाळीस.

"मॅडम, किताब तो यहीं ख़त्म है," तो शांतपणे म्हणाला. "बच्चे नहीं पढ़ते, चलो ठीक है. गाइड ने तो पढ़ा होगा?"

मी चिठ्ठी पर्समध्ये कोंबली. आढाव्याच्या त्या प्रकरणाखाली 'वाचलं' असं लिहून मीच सही केली होती.