आप्पांचे दोन दाखले

आमचे आप्पा गावचे पोलीस पाटील. नोकरीसाठी किंवा सोयरिकीसाठी चांगल्या वर्तणुकीचा दाखला हवा असला की माणूस सकाळीच आमच्या ओट्यावर येऊन बसतो. आप्पांचा मजकूर ठरलेला: सदर इसम सुस्वभावी आहे, गावात शांतता आहे. ज्याने परवाच शेजाऱ्याचा बांध कोरला, तोही सुस्वभावी. शिक्का मात्र इतका जोरात मारतात की मांजर ओटा सोडून पळतं.

त्यामुळे ताईने इंग्लंडहून पत्र मागितलं तेव्हा आप्पा खूशच झाले. चार वर्षांपूर्वी ताईने पळून जाऊन दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं. तेव्हा आमचे चुलते, तात्या, दोघांना कापायचं म्हणून कोयता घेऊन जीपने पुण्याला गेले होते. आप्पाही बरोबर होते, तात्यांना आवरायला, अशी घरात सगळ्यांची समजूत. ती दोघं सापडली नाहीत. पुढे दाजींच्या शिक्षणाच्या व्हिसावर दोघं इंग्लंडला गेली. शिक्षण संपलं, आणि परत पाठवलं तर जिवाला धोका आहे म्हणून ताईने तिथे आश्रय मागितला. गावात काय घडलं ते आप्पांनी लिहून द्यावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

आप्पांनी वेगळंच डोकं चालवलं. चांगल्या घरातली पोरगी आहे हे कळलं की सरकार ठेवून घेईल, असा त्यांचा हिशोब. मग नेहमीचा दाखला निघाला: मुलगी सुस्वभावी, गावात शांतता, तिला कोणापासूनही धोका नाही. त्याचं इंग्रजी मी केलं. मी मिरजगावच्या शाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळे शांततेच्या आधी ‘अत्यंत’ मीच घातलं. आणि ताईला न दाखवता, तिने दिलेल्या सरकारी पत्त्यावर थेट मेल करून टाकलं. इतकी हुशार मी.

अर्ज फेटाळला गेला. खुद्द वडील, तेही पोलीस पाटील, धोका नाही म्हणतात, हे त्यातलं मोठं कारण. ताई फोनवर ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, पाठवायच्या आधी मला एकदा दाखवलं का नाही? मला रडू आलं आणि मग आप्पांचा भयंकर राग आला. स्वतःचा यायला हवा होता, पण आप्पा जवळ होते.

आता इमिग्रेशन कोर्टात अपील करायचं होतं. ताईच्या वकीलबाईंना नवं पत्र हवं होतं, खरंखुरं. आठवडाभर आप्पा ढिम्म. दिलेला दाखला फिरवला तर मी खोटा पडेन, म्हणाले. तुम्ही पडलाच आहात, असं मी तोंडावर सांगितलं. दोन दिवस आमचा अबोला चालला.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला कागद घेऊन बसवलं. एरवी दाखला स्वतः लिहितात, यावेळी ते सांगत होते आणि मी लिहीत होते. कोयता, जीप, तात्यांचं नाव, सगळं आलं. ‘मी त्यांना आवरायला सोबत गेलो होतो,’ हे वाक्य मी न विचारताच लिहायला घेतलं.

“थांब,” आप्पा म्हणाले. “आवरायला न्हाई गेल्तो. जीप मीच काढली. कोयता तात्याकडं हुता, पन ती दिसली असती तर मी त्याला अडवलं नसतं.”

मी पेन खाली ठेवलं. घरात निदान एक माणूस शहाणा आहे, या भरवशावर मी चार वर्षं काढली होती. उठून जावंसं वाटलं. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

“लिही,” ते म्हणाले. “आजबी तात्या निघाला तर मला आवरायचा न्हाई, हेबी लिही.”

लिहिलं. यावेळी आधी ताईला दाखवलं. तिने बऱ्याच वेळाने ‘पाठव’ एवढाच मेसेज केला.

काही महिन्यांनी अपील मंजूर झालं. निकाल ताईने मोबाईलवर पाठवला आणि मी आप्पांना मराठीत सांगायला बसले. न्यायाधीशांनी लिहिलं होतं, या मुलीच्या जिवाला तिच्या वडिलांपासून आणि चुलत्यापासून धोका आहे. आप्पांनी ते वाक्य पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्या वेळी मी वडिलांना गाळलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि ते परत घालायला लावलं.

“म्हंजी ती आता तिथंच ऱ्हानार?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

“मग बरोबर लिवलंय त्यांनी.”