चेंडूच्या मापाचं कडं

चेंडू हातातून सुटला की माझा मित्र पाठ फिरवायचा. चेंडू कुठे चाललाय ते बघायचा नाही. मान जराशी कलती करून कान द्यायचा आणि म्हणायचा, "जाईल. जागा हाय."

साताऱ्याच्या आमच्या शाळेचं मैदान तुमच्यापैकी कुणी तेव्हा पाहिलं असेल, तर त्याला या सवयीचं कारण सांगायला नको. इतरांसाठी सांगतो.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झाली होती. आमचे खेळाचे मास्तर पुण्याला जाऊन बास्केटबॉल हा नवा खेळ शिकून आले. येताना चेंडू आणला, पण खांबावर लावायचं कडं आणायचं राहिलं. ते त्यांनी पेठेतल्या लोहाराला करायला सांगितलं आणि नमुना म्हणून चेंडू त्याच्याकडे ठेवला. लोहाराचा जन्म बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव बसवण्यात गेलेला. त्याने सुतळीने चेंडूचा घेर मोजला आणि नखभर सूट ठेवून कडं ठोकलं.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "मामा, चेंडू आरपार जायला पाहिजे."

"जातोय की. धाव कुणी ढिली बसवतं व्हय?"

दुसरं कडं करायचं तर लढाईमुळे लोखंड मिळेना. मग आम्ही त्याच कड्यावर खेळ शिकलो. चेंडू आत गेला तर घासून खर्र वाजायचं, चुकला तर ठण्ण. कधी तो मधेच अडकून बसायचा. मग काठीने खाली पाडायचा आणि गुण धरायचा की नाही यावर भांडायचं. आम्ही बाकीचे ठण्ण करणारे. तो मात्र चेंडू एवढा उंच टाकायचा की वरून येताना सरळ खाली यायचा, विहिरीत पोहरा सोडावा तसा.

तो कृष्णाकाठच्या ऊसवाल्या घरातला. बोर्डिंगच्या दारातून त्याला वाकून जावं लागे. मी शिंप्याचा मुलगा. आमच्या वळकट्या शेजारी शेजारी होत्या, म्हणून त्याची काळजी मला ठाऊक होती. त्याचे वडील, आबा, तरुणपणी कुस्त्या मारलेले. चेंडूचा खेळ त्यांना पोरकट वाटायचा. एकदा भाकऱ्या घेऊन आले तेव्हा त्यांनी माझ्यासमोरच विचारलं, "चेंडू खेळून पोट भरतं का रं?"

"भरंल की, आबा."

"कुणाचं भरलंय ते दाखव. न्हाईतर मॅट्रिक झालास की उसाला पाणी पाजाय ये."

दाखवायला कुणीच नव्हतं. अख्ख्या जिल्ह्यात नव्हतं. त्या दिवशी त्याने भाकरीला हात लावला नाही. या खेळासाठी आपल्याला कुणीतरी ठेवून घ्यावं, एवढंच त्याला हवं होतं.

मॅट्रिकच्या आधी सांगलीला सामना ठरला. पलटणीच्या संघासाठी खेळाडू निवडायला एक सुभेदार येणार होते. आबा गुळाच्या गाड्या घेऊन सांगलीच्या पेठेत आले होते, तेही धोतर खोचून मैदानाच्या कडेला उभे राहिले.

तिथलं कडं योग्य मापाचं, बाहेरून आणवलेलं. तो त्याच्याखाली कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "मास्तर, ह्यातनं वासरू जाईल."

खेळ सुरू झाला. त्याने पहिला चेंडू टाकला, पाठ फिरवली, कान दिला. काहीच वाजलं नाही. चुकला समजून तो धावत गेला, चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातातून ओढून घेतला आणि पुन्हा टाकला. शिट्टी वाजली, लोक हसायला लागले. पुढच्या वेळी पुन्हा तेच. सुभेदारांच्याही मिशीत हसू दिसलं.

मास्तर कडेवरून ओरडले, "अरे, गेला तो. इथे न वाजता जातो."

"गेला?" त्याने वळून बघितलं. मग तो समजला. त्यानंतर त्याने चेंडू टाकावा आणि कान न देता आपल्या जागेवर परत यावं, असं चाललं. सांगलीकर हसायचे थांबले ते शेवटपर्यंत.

सामना आम्ही जिंकला. आबांना मात्र पटेना. "एकालाबी पाडलं न्हाई, आन जितला कसा?"

सुभेदार म्हणाले, "आबा, पोरगं पलटणीला द्या."

"बंदूक देनार का चेंडू?"

"दोन्ही."

आबांनी मान वर करून त्या कड्याकडे बघितलं. मग म्हणाले, "न्ह्या. उसाला मी हाय."

भरतीला जाण्याआधी तो मला सांगलीला कॉलेजात पोचवायला आला. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. इस्त्रीच्या कपड्यांतली मुलं बघून माझे पाय फाटकाशीच थांबले. तो म्हणाला, "मी दारातनं वाकून जातो गड्या, तू तर उभाच्या उभा जातोस. जा. जागा हाय." मी पदवीधर झालो त्यात मास्तरांचा वाटा आहे, घरच्यांचा आहे, आणि या वाक्याचाही आहे.

पलटणीबरोबर तो ब्रह्मदेशात गेला, लढाई संपता संपता मलायात. तिथले चिनी लोक या खेळाचे वेडे. पलटण परत आली, त्याची नोकरी सुटली, तेव्हा तिथल्या चिनी व्यापाऱ्यांच्या क्लबने त्याला बोटीने परत बोलावून घेतलं आणि पगारावर ठेवलं. आबा गावात सांगत फिरले, "चेंडू टाकायचा पगार. दुसरं काय काम न्हाई."

स्वातंत्र्यानंतर तो एकदा रजेवर आला. तोवर मी याच शाळेत मास्तर झालो होतो. "भाषा समजते का त्यांची?" मी विचारलं.

"कुठली समजतीया? पर मी जागा हाय म्हटलं की आमच्या संघाची समदी पोरं आपलं टोक राखाय मागं पळत्यात, गुण झालाच म्हणून. आता बघाय येनारी मानसंबी म्हणत्यात. जाका हाय, जाका हाय."

ट्रंकेतून त्याने शाळेसाठी योग्य मापाचं कडं आणलं होतं. ते आम्ही मैदानाच्या दुसऱ्या टोकाला लावलं. म्हातारा लोहार काठी टेकत बघायला आला. त्याने मान वर करून निरखलं आणि म्हणाला, "ढिलं हाय. माप कुणी घेतलं व्हतं?"

"मामा, तुमच्या मापानं शिकलो म्हणून हितवर आलो," तो म्हणाला आणि वाकून त्याच्या पाया पडला. जुनं कडं काढू नका, असं मला बजावून तो बोटीवर गेला.

सामने आता नव्या कड्यावर होतात. सराव जुन्यावर. संध्याकाळी मी वर्गात वह्या तपासत बसतो. खिडकी मैदानाच्या बाजूला आहे, पण उठून बघावं लागत नाही. ठण्ण. ठण्ण. कुणीतरी म्हणतं, "जागा हाय." आणि मग खर्र.