डाव्या हाताचा मोजा

अर्धांगाच्या झटक्यानं पप्पांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा त्याचं काम करायला घरात खूप हात पुढे आले. आई शर्टाची बटणं लावायची, मी दाढी करून द्यायचे. दर गुरुवारी संगमनेरहून आत्या यायची आणि भावाला स्वतःच्या हातानं शिरा भरवायची. आजारी माणसाला आमच्याकडे असंच जपतात.

पप्पांना मात्र एकच हवं होतं, आमच्या गावरान गाईची धार काढता यावी. बाकीच्या गाईंना मशीन चालायचं. हिच्यापाशी आई बसली तरी ती पान्हा चोरायची.

शाळेत मी मेंदू शिकले तो इंग्रजीतून. मोठ्या वयातही मेंदूत नव्या पेशी तयार होतात, असं कुठंतरी वाचलं होतं आणि त्यावरच भिस्त ठेवून होते. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला त्यातून जागं केलं.

"त्याबद्दल शास्त्रज्ञांचंच अजून एकमत नाही. तुम्ही वाट बघत बसू नका. ज्या पेशी शाबूत आहेत, त्यांना हे काम शिकवायचं. बोटं थोडी हलायला लागलीत ना? मग उजव्यालाच काम करावं लागेल असं करा, रोज काही तास डावा हात बंद ठेवा."

आईनं जुन्या चादरीचा जाड मोजा शिवला, मनगटाशी नाडी लावून.

गुरुवारी आत्या आली तेव्हा डावा हात मोज्यात होता, उजव्यात चमचा होता आणि निम्मा शिरा पप्पांच्या मांडीवर होता.

"काय गं, चांगला हात बांधून ठिवलाय बापाचा? तुमच्या इंग्लिश शाळंत शिकवत्यात का हे?"

"व्यायामाच्या डॉक्टरांनी सांगितलंय."

"उपाशी ठिवा म्हनले का?" तिनं वाटीकडे हात नेला.

घरी कुणी आलं की मी चहा देते आणि आत जाते. त्या दिवशी गेले नाही. वाटी आत्याच्या हाताखालून सरकवून परत पप्पांपुढे ठेवली. सांगायला डोक्यात होते ते सगळे इंग्रजी शब्द, आत्याच्या काही कामाचे नाहीत.

"आत्या, तुझ्या थोरल्या जाऊबाई आजारी पडल्या, तेव्हा स्वयंपाक कुणी केला?"

"मीच की, धाकटीनं. लई करपायचा आधी."

"आणि तुला कुणी चुलीपाशी बसूच दिलं नसतं तर?"

आत्यानं पुढे केलेला हात मागे घेतला.

"हा हात हलवणारा मेंदूचा भाग गेलाय. तो परत यायचा नाही. शेजारचा शिकतोय. करपवू दे त्याला."

"सांडू... दे," पप्पा म्हणाले आणि चमचा पुन्हा वाटीत घातला.

पुढं कित्येक महिने आमच्या घरात खूप सांडलं. एक बटण लावेपर्यंत चहा निवायचा. गाईपाशी पप्पा रोज बसायचे, पण बोटं सडावरून घसरायची आणि ती पाय झाडून बाजूला व्हायची.

दिवाळी होऊन गेल्यावरच्या एका गुरुवारी आत्यानं दावं धरलं. गाय बुजू नये म्हणून मोजा काढून ठेवला होता. पप्पांच्या बोटांनी सड धरला, सुटला, पुन्हा धरला. पहिली धार शेणात गेली. दुसरी बादलीच्या तळावर वाजली, बारीक, पण सरळ. गाय हलली नाही. तिनं पान्हा सोडला होता.

थोड्या वेळानं उजवा हात थकला आणि सवयीनं डावा पुढे आला.

"दादा, डावा मागं घे," आत्या म्हणाली. "धाकटीला करू दे."